वाटेवरची खूण हाही सदकाच

तुर्कस्तानला जाणारी आपली माणसं इस्तंबूल, कोन्या, कपाडोकिया पाहून परततात. 'एर्तुग्रुल' मालिकेचे चाहते सोगुतलाही जाऊन येतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एक पायवाट आहे, तिच्याकडे आपल्यापैकी फारसं कुणी वळत नाही. लिक्या योलु, म्हणजे लिशियन वे. फेथियेपासून अंतालियाच्या दिशेनं जाणारी, पाचशे किलोमीटरहून लांब. केट क्लो या तिथं स्थायिक झालेल्या ब्रिटिश बाईंनी जुन्या वाटा जोडून ती आखली आणि १९९९मध्ये ती खुली झाली.

पहिला टप्पा ओवाजिकहून बाबादाग डोंगराच्या अंगानं चढतो. पाइनच्या झाडीतून जाताना खाली ओलुदेनिझचं निळं पाणी दिसतं. पण मला मोल वाटतं ते दगडांवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. पट्टे दिसले की वाट बरोबर, फुली दिसली की तिकडे जायचं नाही. पावसाचं पाणी साठवणाऱ्या जुन्या घुमटाकार टाक्याही वाटेत लागतात.

दगडावरचा पट्टा कुणाला नाव विचारत नाही. आपल्या सह्याद्रीत वाट माहीत असणं म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या ग्रुपमध्ये असणं. हिजाब घालणारी कॉलेजची मुलगी, नातवंडांना जंगल दाखवू पाहणारे आजोबा, यांच्या ओळखीत ट्रेकर असतोच असं नाही. अनेक ग्रुप मनापासून सामावून घेतात, हे खरं. तरी चालायला निघण्याआधी कुणीतरी सामावून घ्यावं लागतं, हेच मला खटकतं.

खरं तर वाट आखणं आपल्याला नवीन नाही. हारून अल-रशीदची बेगम जुबैदा हिनं कुफा ते मक्का या हजच्या वाटेवर विहिरी आणि हौद बांधवले, म्हणून ती वाट आजही तिच्याच नावानं ओळखली जाते. मुघलांचे कोस मिनार उत्तरेत अजून उभे आहेत. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच भाग, ही हदीस तर मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मग सदका-ए-जारिया म्हटलं की आपल्याला बोअरवेल आणि मशिदीतला वॉटर कूलर एवढंच का आठवतं?

कोकणातल्या आपल्या गावांत डोंगरावरून खाडीकडे, बंदराकडे उतरणाऱ्या जुन्या पायवाटा आणि पाखाड्या आहेत. गाड्या आल्या आणि त्यांवर रान माजलं. फणसाडसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय दगडाला रंग लावता येत नाही, आणि ते योग्यच. (हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं!) गावच्या वाटेला मात्र ग्रामपंचायत आणि जमीनमालक यांची संमती पुरेल. वाट दाखवायला गुराखी किंवा कातकरी माणूस घ्यावा आणि त्याची मजुरी चोख द्यावी.

आपल्या पावसात रंग टिकणार नाही, शेवाळ धरेल. म्हणजे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पुन्हा हात फिरवावा लागेल, गवत काढावं लागेल. खर्च किती? रंगाचे दोन डबे आणि चार माणसांची मजुरी. बहुतेक उलेमांच्या मते जकातीचा पैसा अशा कामाला चालत नाही. सदक्याला ती अट नाही. गावच्या जमातीच्या पुढच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढून पाहावा.