राडारोडा जातो कुठे, ते विचारा

ठाणे, दिवा, डोंबिवली आणि कल्याणच्या रहिवाशांनो,

खाडीकाठची तिवरं मारायला कुऱ्हाड लागत नाही. रात्रीतून डंपरभर भराव पडत राहतो, एक बांध उभा राहतो आणि भरतीचं पाणी आत यायचं थांबतं. उभी झाडं जागच्या जागी वाळतात. मग पत्र्याची शेड, पुढे चाळ. काही वर्षांनी तिथे खाजण होतं हे सांगूनही पटत नाही.

हा भराव येतो कुठून? त्यातला काही आपल्याच घरातून. जुन्या इमारतीचा पुनर्विकास, उखडलेली लादी, फोडलेली भिंत. ठेकेदाराला आपण ‘घेऊन जा’ म्हणतो. कुठे, ते विचारत नाही. 2016 च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांनी मात्र ही जबाबदारी तेव्हाच कचरा करणाऱ्यावरही टाकली.

रोहित पक्षी पाहायला आपण हौसेने ठाणे खाडीवर जातो. ती 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, 6,521 हेक्टरांची. कल्याण-डोंबिवलीच्या काठाला असा मान नाही. पण उल्हास नदीची खाडी ठाण्याजवळ एका चिंचोळ्या फाट्याने त्याच ठाणे खाडीला जोडलेली आहे. इथल्याही चिखलात निवट्या उड्या मारतात, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्यांची बिळं असतात. आगरी-कोळ्यांच्या कित्येक घरांची चूल या खाडीवर पेटत आली आहे. आणि 26 जुलै 2005 चा पूर आठवतो ना? मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आलं की नदीला पसरायला हीच खाजणं असतात. ती बुजवली की पाणी आपल्या तळमजल्यात शिरतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला आणि तिच्याभोवतीच्या 50 मीटरांत बांधकाम करायला मनाई केली. बेकायदा भराव घातलेली जागा पूर्ववत करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. म्हणजे झाडं वाळली, म्हणून जागा मोकळी झाली असं होत नाही.

भराव पडताना दिसला तर डंपरवाल्याशी वाद घालू नका. लांबून, तारीख-वेळ आणि ठिकाण कळेल असा फोटो काढा. तहसीलदार, महापालिका आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्याने नको, दहा सह्यांनी द्या.

आणि सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा: राडारोडा कुठे टाकला याची पावती दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल चुकतं करायचं नाही.