गंगादशहरा आणि तपोवनाचे पाणी

ज्येष्ठ शुद्ध दशमीस गोदास्नानाने दशविध पापांचे क्षालन होते, अशी आपली श्रद्धा आहे. त्या दहांत हिंसा हे कायिक पाप म्हणून गणले आहे, याचे स्मरण आम्ही आज करून देऊ इच्छितो.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या मलजल शुद्धीकरण केंद्रांच्या सुधारणेचा विषय पुढे आला. गाळ खाली बसविणे व जीवाणूंकरवी घाण पचविणे, या दोन पायऱ्यांनंतरही पाण्यात सूक्ष्म कण उरतात. रोगजंतू त्यांच्या आड दडतात आणि क्लोरीन तेथवर पोहोचत नाही. म्हणून क्लोरीनपूर्वी वाळूच्या अथवा चकत्यांच्या गाळणीची तिसरी पायरी आवश्यक ठरते. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलीटरमागे विष्ठाजन्य जीवाणू २५०० हून अधिक नसावेत, ५०० च्या आत असल्यास उत्तम, असा शासकीय निकष आहे.

कोणी म्हणेल, तपोवनातील केंद्र रामकुंडाच्या खालच्या अंगास आहे. आमच्या स्नानास त्याची बाधा ती काय? परंतु तेच पाणी नांदूरमध्यमेश्वरावरून नाथमहाराजांच्या पैठणास जाते, आणि तेथील नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर पिते. आपले पाप धुवावे आणि खालच्या गावाच्या ओंजळीत मैला सोडावा, ही हिंसा नव्हे काय?

गाळणी बसविली म्हणजे कार्य संपले, असेही नाही. ती उलट्या प्रवाहाने वारंवार धुवावी लागते. आणि नाले थेट नदीस मिळत राहिले, तर ती व्यर्थच होय. तेव्हा पर्वणीच्या खर्चासमवेत पुढील बारा वर्षांच्या देखभालीची तरतूदही भाविकांनी आग्रहाने मागावी, अशी आमची प्रार्थना आहे.