ओळखीतली गाडी आणि भिडेचा सौदा



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत जुनी मोटार बहुधा ओळखीतूनच येते. कुणाचा पुण्याचा भाचा नवी गाडी घेतो, कुणाचे काका वयामुळे गाडी चालवणे सोडतात, आणि "घरचीच गाडी आहे" एवढ्या एका वाक्यावर सौदा पक्का होतो. भिडेपोटी कोणी बॉनेटसुद्धा उघडून बघत नाही. माझे मत याच्या उलट आहे. ओळख जितकी जवळची, तितकी तपासणी चोख हवी. परक्याकडून फसगत झाली तर पैसे जातात. आपल्या माणसाकडून झाली तर पैशांबरोबर येणे-जाणेही बंद होते.

रंग आणि मीटर यांवर जुन्या गाडीची किंमत ठरवू नये. मीटरचा आकडा मागे नेता येतो. मीटर 40 हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर मात्र पार गुळगुळीत झाले आहे, तर पेडलवर विश्वास ठेवावा. टायरवर चार आकडे उमटवलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. टायर फार जुने निघाले तर नव्यांचा खर्च किमतीतून वजा करावा.

गाडी बघायला सकाळी जावे आणि इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष लपवते. निळसर धूर निघत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. आत चिखलाचे डाग असतील तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. मुंबईत 26 जुलै 2005 ला किंवा बडोद्यात ऑगस्ट 2024 मध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या आठवाव्यात. धुऊन-पुसून अशी गाडी नव्यासारखी दिसते, पण तिची वायरिंग पुढे त्रास देते.

मग कागद. आरसीवरचा इंजिन आणि चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवावा. कर्ज फिटले असले तरी बँकेचे नाव नोंदीतून उतरले आहे का, हे बघावे. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली आहे. म्हणून चौदा वर्षांची गाडी "स्वस्तात मिळाली" म्हणण्याआधी पुढचे वर्ष मोजावे.

विकणाऱ्यांनीही सावध असावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विक्रीची सूचना राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी दुसऱ्याच्या अंगणात उभी आणि नोटीस आपल्या दारी, असे व्हायला नको.

हिशोब तर आपल्या सहावीच्या मुलालाही जमेल. मागितलेली किंमत, पहिल्या वर्षाची दुरुस्ती आणि कागदांचा खर्च यांची बेरीज करावी. समजा, गाडी 1,20,000 ची, टायर-क्लच-बॅटरीला 35,000 आणि टॅक्स, विमा, बदलीला 20,000. म्हणजे गाडी 1,75,000 ची झाली. एवढ्या रकमेत याहून बरी गाडी मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी. यात अविश्वास काही नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही चार गोष्टी विचारतातच. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे, तो बॉनेट स्वतःच उघडून दाखवील.