चकतीभोवतीचं कोरं वर्तुळ
आरोग्यवाट / बोरीकाठकर

गेल्या पावसाळ्यात मावशीला लघवीला जळजळ सुरू झाली, मागोमाग थंडी वाजून ताप. तीन आठवड्यांत तीन अँटिबायोटिक्स झाली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी लघवी कल्चरसाठी बाहेरगावी पाठवली. रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे 'आर', खाली पुन्हा 'आर'. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. लागू पडणारी दोनच निघाली, दोन्ही शिरेतून द्यायची.

तपासणी तशी साधी. ताटलीत जंतू पसरायचे, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवून रात्रभर ऊब द्यायची. सकाळी चकतीभोवती जंतू न उगवलेलं कोरं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. सगळं मिळून दोन-तीन दिवस जातात, म्हणून डॉक्टर अंदाजानं औषध लिहितात. त्यांच्यावर माझा राग नाही, तापानं फणफणलेला माणूस समोर असतो. सोय जवळ नाही, याचा मात्र आहे.

कारण नवी औषधं याच मराठवाड्यात घडतायत. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. त्यांचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं देशापुढे आणलं: न्यूमोनियाला दिवसातून एकदा, तीनच दिवस. दुसरं, सेफेपिम आणि झिडेबॅक्टमची जोडी. जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांपैकी एकाला सेफेपिम धरतं, दुसऱ्याला झिडेबॅक्टम; बांधकामच थांबतं. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गाच्या 530 रुग्णांवर ही जोडी मेरोपेनेमशी ताडून पाहिली गेली. मेरोपेनेम म्हणजे बाकीची हरल्यावर काढायचं औषध. मावशीचा आजार नेमका याच जातीचा, म्हणून ही बातमी मी दोनदा वाचली.

पण औषध दुकानात आलं आणि त्याची चकती प्रयोगशाळेत नसली, तर तेही अंदाजानंच दिलं जाणार आणि काही वर्षांत त्याच्यापुढेही 'आर' लागणार. 

वैद्यकीय महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग लागतोच, आमच्या धाराशिवच्या शासकीय महाविद्यालयालाही. भूम, परंडा, उमरग्याच्या रुग्णाचा नमुना, मग तो खासगी दवाखान्यातला का असेना, त्याच दिवशी थंड डब्यातून तिथं पोहोचावा. जिल्ह्यात कोणतं औषध अजून चालतं, याचा तक्ता दरवर्षी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर असावा. यासाठी लागणारा पैसा आयसीयूच्या एका खाटेच्या खर्चाशेजारी मांडून पाहा.

मावशीचा रिपोर्ट आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी तोच दाखवायचा.