झोपेचा आजार आणि मेडिकल बोर्ड : जवानांना आणि घरच्यांना

गेल्या पावसाळ्यात एक नायक बायकोला घेऊन माझ्याकडे आला. पलटणीत एमटी ड्रायव्हर, वय ३८, रिलीज मेडिकल बोर्ड दोन महिन्यांवर आलेला. बोलता बोलता त्याची मान खाली गेली, हातातला कप कलंडला आणि चहा पँटवर सांडला. दचकून जागा झाला तो थेट उभाच राहिला. तोंडातून पहिला शब्द आला, "सॉरी सर."

मी वीस वर्षं आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. हे 'सॉरी सर' मी वॉर्डात किती वेळा ऐकलं असेल. त्यामागची भीतीही मला ठाऊक आहे. फौजेत डुलकी हा गुन्हा आहे. १९५० च्या आर्मी अॅक्टच्या ३६व्या कलमात पहाऱ्यावर झोपलेल्या संत्रीला शिक्षा सांगितली आहे, आणि रंगरूट असल्यापासून ते आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. म्हणून ज्याला खरोखर आजार आहे तोही गप्प राहतो. ड्युटीच्या आधी तोंडावर पाणी मारतो, कडक चहा पितो, मांडीला चिमटे काढतो. वर्षानुवर्षं हे असंच चालतं, आणि बोर्डासमोर बसायची वेळ येते तेव्हा त्याच्या मेडिकल कागदांत झोपेबद्दल एक अक्षर नसतं.

माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. दिवसा आवरत नाही इतकी झोप येत असेल, झोपेत श्वास अडकतोय असं बायको किंवा शेजारच्या चारपाईवरचा साथी सांगत असेल, तर नोकरीत असतानाच आरएमओंकडे जा आणि ते लिहून घ्यायला लावा. पहाऱ्यावर झोप लागून चार्जशीट झाल्यावर "मला आजार आहे" म्हणाल, तर ती सबब वाटते. तेच सहा महिने आधी एमआय रूमच्या रजिस्टरात चढलं असेल, तर तो आजार ठरतो.

आजार मुख्यतः दोन प्रकारचे दिसतात. पहिला स्लीप अॅप्निया. यात झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला दचकवून उठवतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड असतं. स्लीप स्टडीत तासाला किती वेळा श्वास अडला ते मोजतात. ५ ते १५ वेळा असेल तर सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. दुसरा आजार नार्कोलेप्सी. हा कमी आढळतो, पण ऐन पंचविशीतल्या पोराला होऊ शकतो. रात्री पुरेसा झोपलेला माणूस दिवसा एकदम झोपेत जातो. काहींना तर खळखळून हसलं की गुडघ्यातलं बळच जातं. लंगरमध्ये हसता हसता खाली बसलेल्या पोराला साथी म्हणतात, नाटकं करतोय. त्याच्यासाठी रात्रीच्या तपासणीनंतर दिवसा थोड्या थोड्या वेळानं झोपवून बघायची वेगळी तपासणी असते. ती झाली नसेल तर डॉक्टरांकडे मागा.

त्या नायकाची बायको मात्र हुशार निघाली. तिनं पिशवीतून कालनिर्णयची सुटी केलेली पानं काढली. दुधाच्या हिशेबाच्या खाली, बारीक अक्षरात, तो सुट्टीवर असतानाच्या रात्री टिपल्या होत्या. 'तीनदा घुसमटले.' 'उठून बसले, घाम.' 'मोटारसायकल चालवू दिली नाही.' मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरणही होतं. घोरणं चढत जातं, मग एकदम शांतता, आणि पाठोपाठ बुडता माणूस वर यावा तसा श्वास. मी तिला म्हटलं, वहिनी, हे घेऊन बोर्डाआधी स्पेशालिस्टला भेटा. झोपलेल्या माणसाला स्वतःचा आजार दिसत नाही, तो दुसऱ्याला दिसतो. घरोघरच्या वहिनींनी आणि आयांनी हे करावं. वही नको, कॅलेंडर पुरे.

आता बोर्डाच्या फॉर्मबद्दल. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं. आजार कधी आणि कुठे सुरू झाला, कुठे इलाज केला, भरतीच्या आधी हा त्रास होता का, नोकरीतल्या कोणत्या गोष्टीमुळे तो झाला किंवा वाढला, असे प्रश्न असतात. घाईत दुसरा कुणीतरी तिथे 'नो', 'निल' टाकतो आणि आपण खाली सही करतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तो कागद स्वतः वाचा, स्वतः भरा. पोस्टिंग सनावळीसकट लिहा. रात्रपाळीचे पहारे, लांबच्या कॉन्व्हॉय, लेह किंवा त्याहून उंच ठिकाणी काढलेले दिवस, सगळं. उंचीवर झोपेतल्या श्वासाची लय बिघडते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. पण "लेहमुळेच मला आजार झाला" असं ठोकून देऊ नका. लक्षणं कधी दिसली, तिथे गेल्यावर वाढली का, एवढं खरं खरं लिहा.

वाढवून सांगण्याचा मोह होतो, तोही टाळा. तपासणीच्या रात्री डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावतात, तिथे सोंग टिकत नाही. अॅप्नियासाठी रात्री नाकाला लावायचं, हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन दिलं असेल तर तुम्ही ते रोज किती तास लावलं हे मशीन स्वतः नोंदवतं. उलट, फौजी सवयीनं "ठीक है सर" म्हणून त्रास झाकूही नका. डुलकीचे आठ प्रश्न विचारतात, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर, जेवणानंतर झोप लागते का वगैरे. जे खरं असेल ते सांगा.

बोर्ड दोन गोष्टी ठरवतो. एक, अपंगत्वाची टक्केवारी. दुसरी, आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीनं वाढला का. आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही असं आलं की डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, नाकारतात. नोकरी पूर्ण करून सुटणाऱ्याला तो मिळायला टक्केवारी किमान २० लागते. अॅप्नियात बोर्ड बहुतेक वेळा वजनावर बोट ठेवतो, म्हणून भरतीपासूनच्या वजनाच्या नोंदी आणि पीटीचे निकाल जपा. धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवानाच्या बाजूनं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आणि बोर्डानं नकाराचं कारण लिहिलं पाहिजे. तो जवान सिग्नल्सचा होता, आजार फिट्सचा होता, पण तत्त्व तुमच्याही कामाचं आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या पेन्शनचे नवे नियम लागू झाले आहेत. तुमचं प्रकरण जुन्या नियमांत बसतं की नव्या, हे आधी विचारा. गावच्या पारावर ऐकलेला हिशेब कदाचित जुन्या नियमांचा असेल.

नकार आला तर बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा. रेकॉर्ड ऑफिसनं दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत जायला हवं. तिथेही नाही झालं तर दुसरं अपील आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. "टक्केवारी वाढवून देतो, अर्धे पैसे द्या" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

आणि तोवर इलाज थांबवू नका. काही जण म्हणतात, मशीन लावून बरा झालो तर टक्के कमी होतील. अरे, रात्री ऑक्सिजन उतरतो तेव्हा ताण हृदयावर येतो, रक्तदाब वाढतो. टक्क्यांसाठी जीव पणाला लावू नका. तो नायक आता घरीही मशीन लावून झोपतो. वीज गेली की बायको जागी होते, म्हणून त्यानं इन्व्हर्टर घेतला. ड्युटीवर गाडी त्यानं स्वतःहून सांगून सोडली. सुभेदारसाहेबांना हे सांगताना त्याचे पाय कापत होते म्हणाला, पण साहेबांनी ऐकून घेतलं.

दहा-दहा वर्षांपूर्वी पेन्शनवर आलेल्या जुन्या जवानांनाही एक सांगायचं आहे. तुमचा आजार नोकरीत सुरू झाला होता, बोर्डावर नकार आला आणि तुम्ही गप्प बसलात, तरी दार पुरतं बंद झालेलं नसतं. तरसेम सिंह खटल्यातल्या २००८ च्या निकालामुळे उशिरा दाद मागणाऱ्याची मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच धरतात. म्हणजे जेवढा उशीर, तेवढं पदरचं जातं. ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक, बोर्डाचा कागद आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या काढा, तारखेप्रमाणे लावा आणि या सोमवारीच सैनिक कल्याण कार्यालयात जा.