गाडी, टोल आणि आईचा हिशोब

मागच्या शनिवारी सोलापूरला घरी गेलो होतो. चहा पिता पिता आई सहज म्हणाली, "गाडी घेतल्यापासून तुझं यायचं कमी झालंय की रे." मी हसून वेळ मारून नेली. पण गाडी घेतली होती ती घरी जास्त वेळा जाता यावं म्हणूनच! पुण्याला परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शेवटी इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं.

पुणे-सोलापूर साधारण २५० किलोमीटर, जाऊन-येऊन ५००. गाडी लिटरला १६ देते. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये धरू. म्हणजे एका फेरीला तीन हजारांच्या वर नुसतं पेट्रोल. शिवाय पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे चार टोल, येताना परत चार. १५ ऑगस्ट २०२५ ला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला: ३००० रुपयांत २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे २५ फेऱ्या, फेरीला फक्त १२० रुपये! मी लगेच पास काढला आणि 'पैसे वाचवले' म्हणून मित्रांना सांगत सुटलो. प्रत्यक्षात फेऱ्या झाल्या सात :-)

पण खरा खर्च टोलचा नाहीच. इन्शुरन्सवाल्यांच्या कोष्टकात चार वर्षं उलटून पाचव्यात गेलेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात. आठ लाखांची गाडी घ्या, पाच वर्षांत चार लाख गेले. म्हणजे दिवसाला सव्वादोनशे रुपये, गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी असली तरी! आपण मात्र पेट्रोल एक रुपयाने वाढलं की चिडतो.

आणि माझं जाणं कमी का झालं? गाडी नव्हती तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, खिडकीशी डुलकी काढायची आणि रात्री दहाच्या सुमारास सोलापूर. आता आठवडाभर काम करून २५० किलोमीटर चालवायचं जिवावर येतं, आणि 'गाडी असताना ट्रेनने कशाला?' असंही वाटतं. मग दोन्ही राहतं.

माझं मत विचाराल तर, गाडी घेतली म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. एकटं जायचं असेल तर ट्रेन. चौघं असू, किंवा बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं असेल, तर गाडी. तिथे तिला तोड नाही. आणि बंपरला ओरखडा आला म्हणून क्लेम करायला धावू नका. एकही क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के मिळतो आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. दोन-तीन हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी तो घालवणं वेडेपणा आहे. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तरीही तो जातो, हेही लक्षात ठेवा.

असो. एक्सेलमध्ये सगळं बसलं, आईचं वाक्य कुठल्या कॉलममध्ये टाकायचं ते काही कळलं नाही. येत्या शुक्रवारचं हुतात्माचं तिकीट मात्र काढलंय.