तोटा बसचा की दृष्टीचा?

अंबड औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते, तेव्हा गरवारे पॉइंटपासून पाथर्डी फाट्यापर्यंत वाहनांची रांग लागते. मोटारीत बहुधा एकच माणूस, तिच्या फटीतून वाट काढणारा दुचाकीस्वार आणि कडेला धुळीत बसची वाट पाहणारा कामगार! पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी शेवटच्या माणसाच्या उदयाचा विचार मांडला. अंबडच्या रस्त्यावरचा शेवटचा माणूस मात्र अजून थांब्यावरच उभा आहे.

तोट्याचे कारण देत एसटी महामंडळाने नाशिकच्या शहर बससेवेतून अंग काढून घेतले आणि ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेची 'सिटीलिंक' रस्त्यावर आली. नवे वाहन आले, पण जुनी वृत्ती गेली नाही. सेवा महापालिकेची, पण वाहक ठेकेदाराचे! वेतन थकले म्हणून २०२३ आणि २०२४ मध्ये या वाहकांना संपावर जावे लागले आणि त्याची शिक्षा प्रवाशांनी भोगली. विश्वास तुटलेला प्रवासी मग हप्त्यावर दुचाकी घेतो. ती त्याची चैन नव्हे. शासनाने लादलेला तो एक अघोषित कर आहे.

बस तोट्यात चालते, हे तुणतुणे नेहमीचेच. उड्डाणपूल नफ्यात चालतो काय? २०२२ मध्ये मायको सर्कल ते त्रिमूर्ती चौक या मार्गावरील उड्डाणपुलांसाठी सुमारे अडीचशे कोटी रुपयांचा घाट घातला गेला, तेव्हा तोट्याचा हिशेब कोणी मांडला नाही. त्या पुलापायी उंटवाडीचा प्राचीन वटवृक्षही तोडला जाणार होता. ज्या समाजात वडाची पूजा होते, तो समाज गप्प बसला नाही, म्हणून वड वाचला. पण मोटारीसाठी वडावर कुऱ्हाड चालवण्यास निघालेली दृष्टी बदलली काय?

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, पेढेही वाटले गेले. वर्षे लोटली, एकही खांब उभा राहिला नाही. घोषणा आपल्यांनी केली म्हणून प्रश्न विचारायचा नाही, ही स्वयंसेवकाची रीत नव्हे.

मोटार हे प्रगतीचे लक्षण आहे, मध्यमवर्गाने ती घेऊ नये काय, असा प्रश्न विचारला जाईल. अवश्य घ्यावी. पण शाळा, बाजार आणि कारखाना यांपैकी कोठेही मोटारीवाचून जाता येत नसेल, तर ती सोय राहत नाही; ते दास्य ठरते. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल परदेशातून येते. स्वदेशीचा जयघोष करीत परक्या तेलावर शहर उभारणे, ही आत्मवंचना आहे. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, हे तत्त्व राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच स्वीकारले. ते कागदावरून अंबडच्या रस्त्यावर कधी उतरणार?

मार्ग अज्ञात नाही. २०१५ च्या सिंहस्थात खासगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवली गेली आणि लाखो भाविकांना बसने गोदाकाठाकडे नेले गेले. पर्वणीच्या दिवशी जे साधते, ते कामाच्या दिवशी का साधू नये? २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. त्यासाठी उभी राहणारी व्यवस्था मांडवासारखी उतरवून ठेवू नये. अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे यांना पाळीच्या वेळेनुसार बसने जोडावे. वाहकाचे वेतन वेळेवर मिळेल, अशी हमी महापालिकेने द्यावी. नवी वसाहत मंजूर करताना बसमार्ग आणि पदपथ आधी आखले जावेत, हे २०१७ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे.

बसमध्ये अधिकारी आणि कामगार एकाच बाकावर बसतात. समरसतेची ती चालती शाखाच होय. ती तोट्यात आहे म्हणून बंद पडू देणाऱ्यांना नाशिककरांनी एकदा ठणकावून सांगावे, की तोटा बसचा नाही, तुमच्या दृष्टीचा आहे!